छोटी उधारी आणि दिवाळखोरीची नोटीस

ज्याच्याकडे आपली उधारी अडकली आहे त्या माणसाने दिवाळखोरीचा अर्ज केला आहे, अशी न्यायालयाची नोटीस हातात पडली की छोट्या व्यावसायिकाच्या घरात बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते : ‘गेले पैसे, आता नाद सोडा.’ रक्कम लाखाच्या आतली असेल तर हा सल्ला अधिकच शहाणपणाचा वाटतो, कारण वकिलाची फी, पेशीसाठी बुडालेला कामाचा दिवस आणि मनस्ताप यांचा हिशेब मांडला तर हाती काय उरणार, असे कोणीही विचारील. मला हा सल्ला मान्य नाही. सगळे पैसे परत मिळतील या आशेने मी हे म्हणत नाही. ते मिळणार नाहीत हे मी स्वीकारले आहे. परंतु दिवाळखोरीच्या कामकाजात छोट्या धनकोला, म्हणजे ज्याचे पैसे येणे आहेत त्याला, कायद्याने जी जागा दिली आहे ती घेण्याचा खर्च फार थोडा आहे आणि ती न घेतल्याने होणारे नुकसान कायमचे ठरू शकते, हे मला या प्रकरणात कळले, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझा इंदूरच्या पालदा औद्योगिक भागात पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. मिठाईची आणि नमकीनची दुकाने हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. राखी आणि दिवाळीच्या आधी माल जातो, पैसे सण उरकल्यावर येतात, आणि सगळा व्यवहार बिल, चलान आणि एकमेकांच्या शब्दावर चालतो. अशाच एका दुकानदारांकडे आमची ७४,६०० रुपयांची बाकी राहिली. वर्षानुवर्षे वेळेवर पैसे देणारे हे गृहस्थ. दुसरे दुकान घेण्यासाठी त्यांनी बँकेचे कर्ज काढले, ते पुरेना म्हणून बाहेरून व्याजाने पैसे उचलले, नवे दुकान चालले नाही आणि जुन्या दुकानाची कमाई व्याजातच जाऊ लागली. आधी तेलाच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली, मग बेसनाच्या, आणि अखेरीस आपण कर्ज फेडण्यास असमर्थ आहोत असे जाहीर करावे, असा अर्ज त्यांनी जिल्हा न्यायालयात केला. अर्जाला जोडलेल्या धनकोंच्या यादीत आमच्या कारखान्याचे नाव होते, म्हणून नोटीस आमच्याकडे आली.

उधारी अडकते तेव्हा सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी लागते : समोरच्याकडे पैसे नाहीत, की पैसे असून द्यायचे नाहीत. बाहेरून दोन्ही माणसे सारखीच दिसतात. फोन उचलला जात नाही, ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ असे उत्तर येते, गल्ल्यावर मालकाऐवजी भाचा बसलेला असतो. उपाय मात्र दोन्हींत अगदी निराळे आहेत. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याच्याविरुद्ध कायद्याची हत्यारे पुरेशी आहेत. लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा हुंडी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो आणि त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते. धनादेश परत आला असेल तर बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यावर पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, आणि तेही उलटल्यावर एक महिन्याच्या आत तक्रार, असा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा ठरलेला मार्ग आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांची कमाल मुदत आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्कही दिला आहे.

पण ज्याच्याकडे खरोखर काही उरलेले नाही त्याच्यापुढे ही हत्यारे बोथट होतात. दावा जिंकला तरी हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घ्यावी लागते, आणि तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आडवे येते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची अवजारे यांपैकी कशावरही जप्ती आणता येत नाही. पगारदाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भागही सुरक्षित असतो. ‘तुरुंगात टाका म्हणजे पैसे निघतील’ असे सांगणारे लोक भेटतात. पाच हजारांवरच्या हुकूमनाम्यासाठी तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद संहितेत आहे, हे खरे. परंतु केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला कैदेत टाकता येणार नाही, पैसे असून तो बुडवत आहे हे दाखवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात स्पष्ट केले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता आणि तो आपल्या विरोधात जातो तेव्हाही योग्यच असतो.

समोरचा कोणत्या प्रकारात बसतो हे तपासण्यासाठी गुप्तहेर लागत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर बिलावरचा क्रमांक टाकला की त्याने कोणत्या महिन्यापर्यंत विवरणपत्रे भरली आहेत ते दिसते. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध घेतला की बँकेने किंवा इतर व्यापाऱ्यांनी लावलेली प्रकरणे समोर येतात. मालमत्ता बँकेकडे गहाण आहे का, हे सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीत थोडी फी भरून पाहता येते. आमच्या बाबतीत विवरणपत्रे थांबलेली होती, बँकेचा बोजा जुन्या दुकानावरही होता आणि आणखी दोन व्यापारी आधीच न्यायालयात गेले होते. वेगळा दावा लावण्याचा विचार मी तिथेच सोडला.

यानंतर ऋणको, म्हणजे देणेकरी, कायद्याच्या दृष्टीने कोण आहे ते पाहावे लागते, कारण दुकानाच्या पाटीवरून ते कळत नाही. पाटीवर कितीही भारदस्त नाव असले तरी व्यवसाय एकट्या मालकाचा असेल तर देणे त्या माणसाचे असते. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी बांधलेला असतो. खाजगी मर्यादित कंपनी असेल तर देणे कंपनीचे असते आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते. तिथे स्वतःहून प्रक्रिया सुरू करायला मार्च २०२० पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते, म्हणजे आपल्यासारख्याला ते दार बंदच, पण दुसऱ्या कोणी प्रक्रिया सुरू केली तर जाहीर सूचनेतल्या मुदतीत आपला दावा नोंदवता येतो आणि तो नोंदवावा. आमचे दुकानदार एकटे मालक होते.

२०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली आणि आता सगळे तिच्याखाली चालते, अशी समजूत सर्वत्र आहे. व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठी त्या संहितेत स्वतंत्र तिसरा भाग लिहिलेला आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. इंदूरमधल्या नमकीनच्या दुकानदाराला आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागतो, आणि त्याचे काम जिल्हा न्यायालयात चालते. शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्यात ५०० रुपयांचे देणे हा किमान उंबरठा आहे. माझ्या वडिलांचे स्नेही असलेल्या वकील काकांनी मला तो कायदा कलमाकलमाने वाचायला लावला, आणि तो वाचताना माझे मत बदलत गेले. तो जुना आहे, त्यातले रुपयांचे आकडे आता केविलवाणे वाटतात, पण छोट्या धनकोला काय करता येते हे त्यात मला अपेक्षेपेक्षा स्पष्ट लिहिलेले सापडले.

सुरुवातीलाच, अर्जाच्या सुनावणीच्या वेळी, न्यायालय ऋणकोची तपासणी करते : त्याचे वर्तन, त्याचे व्यवहार, त्याची मालमत्ता. ही तपासणी हजर असलेल्या धनकोंच्या समक्ष होते आणि त्यांना ऋणकोला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. हा हक्क बँकेला जितका आहे तितकाच खोकी पुरवणाऱ्यालाही आहे. त्या सुनावणीला मी गेले. दुकानदार बाकावर मान खाली घालून बसले होते, मला पाहताच उठून म्हणाले, “ताई, तुमचे नाव मी यादीत लिहिले आहे, लपवलेले नाही.” मी त्यांना “भाऊ, मला फक्त हिशेब हवा आहे,” एवढेच म्हटले. आत गेल्यावर माझ्या वतीने काकांनी दोनच गोष्टी विचारल्या : दिवाळीत विकलेल्या मालाचे पैसे कोणत्या खात्यात जमा झाले, आणि गोदामाची जागा आता कोणाच्या नावावर आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढे फार उपयोगी पडले.

न्यायालयाने ऋणकोला दिवाळखोर ठरवले की कलम २८ लागू होते आणि सगळे चित्र पालटते. त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे ती सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते, आणि जे देणे या कामकाजात सिद्ध करता येण्यासारखे आहे त्यासाठी कोणत्याही धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही की नवा दावा लावता येत नाही. तारण घेतलेली बँक याला अपवाद असते. तिचे तारणावरचे हक्क अबाधित राहतात. अनेकांना हे कलम म्हणजे ऋणकोला दिलेले अभय वाटते, आणि त्यांचा राग मी समजू शकते. पण कलम नसते तर काय झाले असते? ज्याच्याजवळ मोठा वकील आहे, ज्याची माणसे रोज दुकानाच्या दारात उभी राहू शकतात, तो सगळे घेऊन गेला असता आणि आमच्यासारखे मागे राहिले असते. या कलमाने सगळ्यांना एका पंगतीत बसवले; वाढप थोडे असले तरी पहिल्या पानावर सगळे वाढून पुढची पाने कोरी ठेवता येत नाहीत. छोट्या धनकोचे हित यातच आहे, असे माझे ठाम मत आहे.

मात्र या पंगतीत पान आपोआप मांडले जात नाही. ऋणकोने अर्जासोबत दिलेल्या यादीत आपले नाव आहे म्हणून आपले देणे सिद्ध झाले, असे होत नाही. ते आपणच सिद्ध करायचे असते. पद्धत सोपी आहे. कलम ४९ प्रमाणे देणे खरे असल्याचे शपथपत्र न्यायालयात द्यायचे किंवा नोंदणीकृत पत्राने पाठवायचे. त्यात हिशेबाचे विवरण द्यायचे आणि त्याला आधार देणारी बिले, पावत्या यांचा उल्लेख करायचा. मी शपथपत्र स्वतः नेऊन दिले आणि पोच घेतली. त्याला त्यांच्या खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा जोडला, प्रत्येक बिलाची आणि त्यांच्या नोकराची सही असलेल्या चलानाची प्रत जोडली, आणि बाकी कबूल करणारे त्यांचे मोबाइलवरचे संदेश तारखांसह छापून लावले. चलानावरच्या सहीला इथे किती किंमत आहे हे मी आमच्या माल पोहोचवणाऱ्या मुलांना आता वारंवार सांगते. बिलावर आपण दर काय लिहिला यापेक्षा माल खरोखर उतरला का, हे सिद्ध करणे अधिक अवघड असते.

हिशेबात दोन मुद्दे असे निघाले की जे बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. आमच्या कामगारांना दिवाळीत वाटण्यासाठी मी त्याच दुकानातून ६,२०० रुपयांची मिठाई आणि नमकीन घेतले होते आणि त्याचे बिल द्यायचे राहिले होते. रिसीव्हरने ते पैसे मागितले असते तर मी पूर्ण भरायचे आणि माझ्या ७४,६०० वर मात्र रुपयामागे काही पैसे घ्यायचे, हा अन्याय झाला असता. कलम ४६ ने तो टाळला आहे : दोघांचे एकमेकांशी व्यवहार असतील तर आधी दोन्ही बाजूंचा हिशेब वजा करायचा आणि जी बाकी उरेल तेवढीच मागायची किंवा द्यायची. म्हणून माझा दावा ६८,४०० रुपयांचा झाला, आणि ती ६,२०० ची रक्कम मला एका अर्थी पूर्ण वसूल झाली. दुसरा मुद्दा व्याजाचा. आमच्या बिलावर तळाशी व्याजाचा मोठा दर छापलेला असतो, पण गिऱ्हाइकाने तो मान्य करून सही केलेली नसते. असा करार नसेल तर कलम ४८ प्रमाणे दरसाल सहा टक्क्यांपर्यंत व्याज मागता येते, तेही लेखी मागणी करून व्याज घेऊ असे कळवलेले असेल तर त्या तारखेपासून, आणि दिवाळखोर ठरवल्याच्या तारखेपर्यंतच. माझी पहिली लेखी मागणी ई-मेलने आणि टपालाने दोन्हीकडून गेलेली होती, म्हणून ते व्याज दाव्यात धरता आले.

एवढ्या छोट्या रकमेसाठी शपथपत्राची खटपट कशाला, या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर कलम ७८ मध्ये आहे. मालाच्या पैशांसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षे. दिवाळखोरीचे कामकाज कितीही लांबू शकते, आणि पुढे दिवाळखोर ठरवण्याचा आदेश रद्दही होऊ शकतो. उदाहरणार्थ, ठरवून दिलेल्या मुदतीत ऋणकोने मुक्ततेसाठी, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटका मिळावी यासाठी, अर्जच केला नाही तर कलम ४३ खाली न्यायालय आदेश रद्द करते. आदेश रद्द झाला की धनको पुन्हा दावा लावायला मोकळा होतो आणि मधला सगळा काळ मुदतीतून वगळला जातो. पण याच कलमाला एक परंतुक आहे : जे देणे सिद्ध करता आले असते पण सिद्ध केले नाही, त्याला ही सवलत मिळत नाही. म्हणजे जो ‘गेले पैसे’ म्हणून घरी बसला त्याची मुदत आतल्या आत संपत राहते, आणि ऋणको पुढे सावरला, त्याला वडिलोपार्जित जमीन मिळाली, तरी या माणसाला दार उघडे राहत नाही. एका शपथपत्राच्या खर्चात हे दार उघडे ठेवता येते. उशीर झाला असेल तरी ऋणकोची मुक्तता होईपर्यंत देणे सिद्ध करता येते, फक्त तोवर जे वाटप झाले ते परत मोडता येत नाही. शिल्लक रकमेतूनच वाटा मागावा लागतो.

हाती काय येईल याचा अंदाज बांधण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करून पाहू. बँकेने आपले तारण विकून घेतले, सरकारची आणि स्थानिक संस्थेची देणी आधी दिली, रिसीव्हरचा खर्च वजा झाला आणि सहा लाख उरले, असे धरू. बिनतारणाची सिद्ध झालेली देणी चाळीस लाखांची असतील तर रुपयाला पंधरा पैसे पडतात, आणि माझ्या ६८,४०० वर १०,२६० रुपये येतात. या रकमेसाठी शपथपत्र आणि मोजक्या पेशा परवडतात. दर पेशीला फी देऊन वकील उभा करणे परवडत नाही. म्हणून खर्चाची मर्यादा मी आधीच ठरवून घेतली आणि ती पाळण्यासाठी एकच मार्ग होता, तो म्हणजे छोट्या धनकोंनी एकत्र येणे. तेलवाले, बेसनवाले, गॅसच्या सिलिंडरवाले, छपाईवाले आणि आम्ही, असे काहीजण एका वकिलांमार्फत उभे राहिलो. प्रत्येकाचे शपथपत्र वेगळे, पण हजेरी एकच.

दुकानातल्या कामगारांचा विषय निघाला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते. भट्टीवर उभे राहणाऱ्या आणि पाकिटे भरणाऱ्या लोकांचे पगार थकले होते. कायदा त्यांना अग्रक्रम देतो, अर्जाआधीच्या चार महिन्यांच्या कामाबद्दल. पण १९२० च्या मूळ मजकुरात त्या अग्रक्रमाची मर्यादा आहे सगळी मिळून वीस रुपये. त्या काळी नोकराच्या पगाराच्या मानाने वीस रुपयांना वजन होते, आज त्यात एक वेळचा नाश्ता होतो. २०१६ च्या संहितेतल्या व्यक्तींसाठीच्या भागात कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला वरची जागा दिलेली आहे, परंतु तो भाग यांच्यासाठी सुरूच झालेला नाही. छोट्या दुकानांत काम करणाऱ्या हजारो माणसांच्या दृष्टीने तो भाग लागू करणारी अधिसूचना अडकून राहणे ही साधी कागदी दिरंगाई नाही, आणि व्यापारी संघटनांनी तरी हा विषय लावून धरायला हवा. आम्ही त्या कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले, जिथे त्यांना मोफत वकील मिळू शकतो, आणि उरलेल्या पगारासाठी त्यांनीही साधे धनको म्हणून शपथपत्रे द्यावीत हे समजावून सांगितले.

देणी सिद्ध झाली की न्यायालय धनकोंची यादी तयार करते, आणि ती वाचण्याचे काम कोणीही टाळू नये. आमच्या यादीत एका जवळच्या नातेवाइकाचे मोठे हातउसने दिसले, ज्याला ना चिठ्ठी होती ना बँकेतली नोंद. असे देणे यादीत राहिले तर प्रत्येकाचा वाटा तेवढा घटतो. देणे चुकीचे नोंदले गेले आहे असे वाटले तर रिसीव्हरच्या अर्जावर, आणि तो लक्ष घालत नसेल तर धनकोच्या अर्जावर, चौकशी करून न्यायालय ते कमी करू शकते किंवा काढून टाकू शकते. आम्ही रिसीव्हरला लेखी पत्र दिले, त्याने पुरावे मागितले, आणि नातेवाइकाने दावा मोठ्या प्रमाणात मागे घेतला.

गोदामाचे प्रकरण याहून मोठे आहे. ती जागा अर्जाच्या वर्षभर आधी मेहुण्याच्या नावावर झाली होती आणि मोबदला बँकेतून गेल्याची नोंद कुठेच नव्हती. दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत, योग्य मोबदला न घेता केलेले हस्तांतर कलम ५३ खाली रद्द करता येते. आणि अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने केलेला भरणाही कलम ५४ खाली परत आणता येतो. हा अर्ज रिसीव्हरने करायचा असतो. त्याने विनंती करूनही नकार दिला तर न्यायालयाच्या परवानगीने धनकोही करू शकतो, पण कायद्याने त्याला अट घातली आहे : ज्याने आपले देणे सिद्ध केले आहे असाच धनको. आमच्यापैकी ज्यांनी शपथपत्रे दिली नव्हती त्यांना इथे बोलायलाच जागा नव्हती. रिसीव्हरने अर्ज केला आहे, त्याचा निकाल व्हायचा आहे, आणि गोदाम परत आले तर वर मांडलेल्या काल्पनिक पंधरा पैशांपेक्षा वाटा खूप वाढेल.

कराच्या बाजूने थोडेच सांगण्यासारखे आहे. नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवून विक्री उत्पन्नात दाखवलेली असेल तर न आलेली रक्कम वह्यांत बुडीत म्हणून लिहिल्यावर आयकरात वजावट मिळते. ती खरोखर बुडाली हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही, असे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. पुढे वाटा मिळाला की तो त्या वर्षीच्या उत्पन्नात धरायचा. जीएसटी मात्र आपण आधीच भरलेला असतो आणि गिऱ्हाइकाने बुडवले म्हणून तो परत मिळत नाही. छोट्या पुरवठादाराला हा दुहेरी फटका बसतो, आणि या तरतुदीत सुधारणा व्हायलाच हवी असे मला वाटते.

वसुलीची माणसे पाठवा, दुकानासमोर बोलणी करा, त्यांच्या मुलीच्या सासरी कळवा, असे सुचवणारेही काही होते. त्या वाटेला आम्ही गेलो नाही आणि आमच्या गटातल्या कोणाला जाऊ दिले नाही. न्यायालयाच्या संरक्षणाखाली असलेल्या माणसाला धमकावले तर आपला खरा हक्कही डागाळतो. आणि ज्या कुटुंबाबरोबर आपण इतकी वर्षे व्यवहार केला त्याला त्याच्याच गल्लीत अपमानित करून मिळणारे पैसे मला नको आहेत.

आता पुढचा टप्पा मुक्ततेचा आहे. मालमत्ता बिनतारणाच्या देण्यांच्या निम्म्याइतकीही भरत नसेल, आणि त्याला ऋणकोच्या आवाक्याबाहेरची परिस्थिती कारण आहे हे त्याने पटवून दिले नसेल, तर न्यायालयाला बिनशर्त मुक्तता देता येत नाही; धंद्याच्या वह्या न ठेवणे हेही नकाराचे कारण आहे. फसवणुकीने केलेले देणे तर मुक्ततेनंतरही सुटत नाही. मुक्तता होईपर्यंत त्यांना जे नवे मिळेल तेही रिसीव्हरकडे जाते, आणि आपण दिवाळखोर आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेतली तरी तो गुन्हा ठरतो. आमच्या गटातल्या काहींचे म्हणणे आहे की मुक्ततेला सरळ विरोध करावा. मला ते पटत नाही, कारण जो माणूस आयुष्यभर दिवाळखोर राहील तो काही कमावण्याचा प्रयत्नच करणार नाही. कलम ४१ न्यायालयाला मधला मार्ग देते : पुढच्या कमाईतून अमुक भाग धनकोंना द्यावा, अशी अट घालून मुक्तता. ते गृहस्थ आता दुसऱ्याच्या दुकानात कारागीर म्हणून कामाला लागले आहेत आणि त्यांच्या हाताला चव आहे हे सगळे शहर जाणते. गोदामाचा निकाल लागून पहिले वाटप होईपर्यंत मुक्ततेची सुनावणी घेऊ नये, आणि त्यानंतर सशर्त मुक्ततेला आमची संमती समजावी, असे मी काकांना लिहून दिले आहे. तेलवाल्यांनी आणि बेसनवाल्यांनी त्यावर सह्या केल्या आहेत, बाकीच्यांशी बोलणे चालू आहे.